अडीच चौरस मैलांचं गाव आणि आठ लाखांचा मॅनेजर

अल्हाम्ब्राला राहायचो तेव्हा दर दोन आठवड्यांनी ७१० फ्रीवेवरून आर्टेशियाला किराणा आणायला जायचो, पायोनियर बुलेवार्डवर, पोहे, कोकम, लोणच्याचा मसाला वगैरे. वाटेत बेल नावाची पाटी लागायची. पाटी आली म्हणेपर्यंत गाव संपलेलं असायचं, कारण ते आहेच जेमतेम अडीच चौरस मैलांचं. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनपासून दहा-बारा किलोमीटर, लोकसंख्या तेव्हा साधारण ३६ हजार. आसपास व्हर्नन, मायवुड, कडही, हंटिंग्टन पार्क, साउथ गेट अशी एकमेकांना चिकटलेली शहरं, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे नवख्याला कळत नाही. पण कागदावर प्रत्येक शहर वेगळं, प्रत्येकाची कौन्सिल वेगळी, बऱ्याच जणांचे पोलीसही वेगळे. लॉस एंजेलिस काउंटीत, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, अशी एकूण ८८ शहरं आहेत.

२०१० च्या जुलैत या बेलचं नाव अख्ख्या अमेरिकेत गाजलं. मी तेव्हापासून या प्रकरणाच्या मागे आहे, जमेल तेवढं वाचत आलोय, दोनतीनदा मुद्दाम तिथे जाऊन गेज अव्हेन्यू आणि अटलांटिक अव्हेन्यूवर पायी फिरून आलोय. लोकांना यातला फक्त तो एक आकडा आठवतो, गावाच्या सिटी मॅनेजरचा पगार, वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर. मला मात्र वाटतं की आकडा हा शेवटचा भाग आहे, खरी गोष्ट तो आकडा तिथपर्यंत चढला कसा याची आहे, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी व्यवस्था समजून घेऊ. कॅलिफोर्नियात लहान शहरात पाच जणांची सिटी कौन्सिल असते, लोकांनी निवडून दिलेली. हे काम पार्ट टाइम, म्हणजे माणूस दिवसा दुकान चालवतो, संध्याकाळी मीटिंगला येतो. मेयर बहुतेक ठिकाणी त्याच पाचांमधून आळीपाळीने होतो, त्याला वेगळी सत्ता अशी नसते. रोजचा कारभार बघायला कौन्सिल एक सिटी मॅनेजर नेमते, आपल्याकडच्या नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यासारखा समजा, फक्त मोठा फरक असा की आपल्याकडे मुख्याधिकारी सरकार पाठवतं आणि त्याची बदली होते, इथे कौन्सिलच त्याला नोकरीवर ठेवते, कौन्सिलच पगार ठरवते, बदली हा प्रकारच नाही. माणूस चांगला असला तर वीस वर्षं गावाचं सोनं करतो. बेलमध्ये रॉबर्ट रिझो १९९३ मध्ये आला तो ७२ हजार डॉलर पगारावर, त्या काळात अगदी रीतसर पगार.

गाव कसलं होतं तेही बघा. एकेकाळी हा सगळा पट्टा कारखान्यांच्या जिवावर जगायचा. साउथ गेटला फायरस्टोनचा टायरचा कारखाना होता, जनरल मोटर्सचा गाड्यांचा होता, व्हर्ननला बेथलेहेम स्टील होतं. १९८० ते ८२ च्या दरम्यान हे तिन्ही बंद पडले. गोरा कामगारवर्ग निघून गेला आणि त्यांच्या घरांमध्ये मेक्सिकोहून, मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं राहायला आली, एका घरात दोन दोन कुटुंबं, गॅरेजमध्येसुद्धा लोक. आज गावात दहातले नऊ लोक लॅटिनो आहेत. शिवाय दक्षिण लेबनॉनमधल्या एका गावाहून आलेल्या लोकांची एक छोटी वस्तीसुद्धा आहे. कष्टकरी माणसं, दोन दोन शिफ्ट करणारी. आणि महत्त्वाचं म्हणजे यातले बरेच जण नागरिक नाहीत, काहींकडे तर कागदच नाहीत, त्यामुळे ३६ हजारांच्या गावात मत देऊ शकणारे फार थोडे आणि प्रत्यक्ष देणारे त्याहून थोडे. बेलमध्ये कित्येकदा कौन्सिलची निवडणूक बिनविरोध व्हायची. कोणी मुदतीआधी राजीनामा दिला की उरलेले त्या जागी आपल्या ओळखीतला कोणी नेमायचे, आणि पुढच्या निवडणुकीला तो आधीपासून खुर्चीत बसलेला उमेदवार म्हणून उभा राहायचा.

आता २००५. या पट्ट्यातल्या काही शहरांमध्ये नगरसेवक वेगवेगळ्या समित्यांच्या नावाने मानधन उकळतात अशी ओरड झाली म्हणून कॅलिफोर्निया विधिमंडळाने एक कायदा केला, की समितीच्या कामाचं मानधन महिन्याला १५० डॉलरच्या वर नाही. साउथ गेटच्याच आमदाराने आणलेलं बिल होतं ते. पण कॅलिफोर्नियात शहरं दोन प्रकारची असतात. एक राज्याच्या सर्वसाधारण कायद्याने चालणारी, आणि दुसरी स्वतःची सनद म्हणजे चार्टर असलेली, ज्यांना आपल्या अंतर्गत बाबतीत बरीच मोकळीक असते. मानधनाची मर्यादा चार्टरवाल्या शहरांना लागू नव्हती. बेल तोपर्यंत पहिल्या प्रकारात होतं.

मग बेलच्या कौन्सिलने चार्टरसाठी मतदान लावलं. मतदानाची तारीख होती २९ नोव्हेंबर २००५, मंगळवार. थोडं थांबून या तारखेकडे बघा. त्याच महिन्यात ८ तारखेला सगळ्या राज्यात विशेष निवडणूक झाली होती, लोक तेव्हा मतदानाला गेलेच होते, हा विषय त्याच मतपत्रिकेवर टाकता आला असता. तसं न करता तीन आठवड्यांनी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी, फक्त या एका विषयासाठी वेगळं मतदान घेतलं. मतपत्रिकेवर पगार, मानधन हा शब्दही नव्हता, गावाला जास्त स्वायत्तता मिळेल अशा सुरातली भाषा होती. आता कोण घेणार आहे अशा कंटाळवाण्या विषयासाठी कामावरून सुट्टी? निकाल लागला ३३६ विरुद्ध ५४. म्हणजे ३६ हजारांच्या गावात ४०० माणसंसुद्धा मतदानाला आली नाहीत, आणि जी मतं पडली त्यातली अर्ध्याहून जास्त पोस्टाने आलेली.

मला विचाराल तर या प्रकरणाचा खरा दिवस हाच. २०१० चा जुलै नाही. बाकी जे काही झालं ते सगळं या ३३६ मतांनी उघडलेल्या दारातून झालं. कोणी रात्री तिजोरी फोडली नाही, दिवसाढवळ्या, अजेंड्यावर विषय घेऊन, हात वर करून, ठराव पास करून झालं.

पुढचं यंत्र कसं चालायचं ते सांगतो. बेलएवढ्या शहरात नगरसेवकाला कायद्याने महिन्याला साधारण ४०० डॉलर मिळायला हवेत. इथे काय केलं, तर पाच जणांची कौन्सिल आहे ना, तेच पाच जण प्लॅनिंग कमिशनमध्ये, तेच पब्लिक फायनान्स अथॉरिटीत, तेच सरप्लस प्रॉपर्टी अथॉरिटीत, तेच कम्युनिटी हाउसिंग अथॉरिटीत, आणि तेच सॉलिड वेस्ट अँड रिसायकलिंग अथॉरिटी म्हणजे कचऱ्याच्या समितीत. प्रत्येक समितीचं वेगळं मानधन, महिन्याला दीड हजार डॉलरच्या वर. कौन्सिलची मीटिंग चालू असतानाच मध्ये या समित्यांच्या मीटिंगा उघडायच्या आणि बंद करायच्या, काही मिनिटांचं काम, कधी कधी तेवढंही नाही. असं करून पार्ट टाइम नगरसेवकाचे वर्षाचे जवळजवळ एक लाख डॉलर व्हायचे. कौन्सिलवर किराणा दुकानवाला होता, रिअल इस्टेट एजंट होती, चर्चचा पास्टर होता, जुना स्टील कामगार होता, म्हणजे गावातलीच माणसं. बाहेरून कोणी आलं नव्हतं, आणि मला हेच जास्त लागतं, कारण आपल्या शेजाऱ्याच्या घरपट्टीतून हे येतंय हे त्यांना कळत नसेल असं कसं म्हणायचं.

त्यातला एक, व्हिक्टर बेयो, २००९ मध्ये कौन्सिलमधून बाहेर पडला. त्यानंतर त्याला फूड बँकेच्या कोऑर्डिनेटरचा असिस्टंट असं पद देण्यात आलं, आणि पगार तोच, लाखाच्या आसपासचा. त्याच्या जागी लोरेंझो वेलेझला नेमलं, आणि त्याला मात्र जुनं, मामुली मानधनच मिळत राहिलं. बाकीचे चौघं लाखाच्या घरात आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. एकाच टेबलाला बसणाऱ्या पाचातल्या एकाला माहीत नाही, तर रस्त्यावरच्या माणसाला कुठून कळणार?

कौन्सिल अशी खूश असली की मॅनेजरला कोण हटकणार. रिझोच्या करारात दरवर्षी १२ टक्के वाढ लिहिलेली होती. १२ टक्के ऐकायला फार वाटत नाही पण चक्रवाढीचा हिशेब करून बघा, सहा वर्षांत पगार दुप्पट होतो, बारा वर्षांत चौपट, आणि मध्ये कोणाला नव्याने काही मंजूर करावंही लागत नाही. शिवाय पुढे त्याचा एक करार मोडून अनेक तुकडे केले, थोडा पगार शहराकडून, थोडा या अथॉरिटीकडून, थोडा त्या अथॉरिटीकडून, म्हणजे कोणताही एक कागद हातात घेतला तरी पूर्ण रक्कम दिसायला नको. २०१० मध्ये मूळ पगार झाला होता ७,८७,६३७ डॉलर. त्यात सुट्ट्या आणि आजारपणाची रजा मिळून वर्षाला २८ आठवडे, अर्ध्या वर्षाहून जास्त. सगळे फायदे धरले तर वर्षाचे १५ लाख डॉलर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार ४ लाख आहे. रिझोची असिस्टंट अँजेला स्पाचिया ३,७६,२८८ वर होती, आणि पोलीस चीफ रॅन्डी अॅडम्स ४,५७,००० वर. बेलच्या पोलीस खात्यात चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि लॉस एंजेलिसच्या दहा हजार पोलिसांच्या चीफला तेव्हा मिळत होते तीन लाख सात हजारांच्या आसपास. शिवाय शहराच्या पैशातून अधिकाऱ्यांना, कौन्सिलच्या काहींना कर्जंही दिली गेली होती, एकूण जवळजवळ १९ लाख डॉलर, कौन्सिलच्या मंजुरीशिवाय.

हा पैसा आला कुठून, तर घरपट्टीतून. गावाचा प्रॉपर्टी टॅक्सचा दर काउंटीत सगळ्यात चढ्या दरांपैकी एक होता, बेव्हर्ली हिल्सपेक्षाही जास्त, आणि त्यातला पेन्शनसाठी म्हणून लावलेला भाग चक्क बेकायदेशीर होता असं नंतर राज्याच्या कंट्रोलरने, म्हणजे सरकारी हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याने, काढलं. आणि दुसरी जागा म्हणजे गाड्या. लायसन्स नसलेल्या माणसाची गाडी अडवायची, टो करून न्यायची, सोडवायला शहराची फी ३०० डॉलर, आसपासच्या गावांपेक्षा कितीतरी जास्त, टोवाल्याचे आणि यार्डच्या भाड्याचे पैसे वेगळे. कागद नसलेल्या माणसाला तेव्हा कॅलिफोर्नियात लायसन्स मिळायचंच नाही, म्हणजे अटलांटिक अव्हेन्यूवरून कामाला निघालेला प्रत्येक दुसरा माणूस तसा गिऱ्हाईकच. पोलिसांमध्ये फिरलेला एक कागद नंतर उजेडात आला, त्याचं शीर्षक होतं 'बेल पोलीस डिपार्टमेंट बेसबॉल गेम', आणि त्यात कोणत्या कारवाईला किती, म्हणजे सिंगल, डबल, होम रन, असे गुण लावलेले होते. गाडी उचलण्यालाही गुण. ज्याची गाडी गेली त्याचा रोजगार बुडाला, कारण सकाळी पाचच्या शिफ्टला बसने पोचता येत नाही या भागात, हे मी स्वतः एका बसस्टॉपवर पाऊण तास उभा राहून बघितलंय.

लोक विचारतात, इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही का? दिसलं होतं की. राज्याच्या सरकारी पेन्शन फंडाला २००६ मध्येच कळलं होतं की बेलच्या मॅनेजरचा पगार एका वर्षात भलताच वाढलाय, पुढे काही झालं नाही. बाहेरची ऑडिट फर्म दरवर्षी हिशेब तपासून सही करायची, नंतर कंट्रोलरच्या ऑफिसने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. पण सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते ही की मीटिंगला कोणी नसायचं. या पट्ट्यात पूर्वी छोटे स्थानिक पेपर होते, त्यांचा एखादा तरी बातमीदार कौन्सिलच्या मीटिंगला मागच्या रांगेत पेन घेऊन बसायचा. ते पेपर एकेक करून बंद झाले. लॉस एंजेलिसच्या मोठ्या पेपराला ८८ शहरांच्या मीटिंगा कशा परवडणार, आणि टीव्हीवाले या बाजूला फिरकायचे ते पाठलाग किंवा गोळीबार झाला तरच. मोठ्या शहराच्या सावलीतल्या गावाचं हे असं होतं, बातमी आपल्याला मिळते पण ती सगळी शेजारच्या मोठ्या शहराची. बेलच्या माणसाला लॉस एंजेलिसच्या मेयरचं नाव माहीत असायचं, स्वतःच्या सिटी मॅनेजरचं नाही.

तरी एक माणूस होता. बेलचाच रहिवासी, त्याचं नाव मी इथे देत नाही. २००८ मध्ये त्याच्या कानावर काहीतरी आलं आणि तो सरळ सिटी हॉलच्या खिडकीवर गेला, मॅनेजरला आणि नगरसेवकांना किती मिळतं ते मला द्या म्हणून अर्ज केला. कॅलिफोर्नियातला माहिती मागण्याचा कायदा आपल्या माहिती अधिकारासारखाच, फक्त उत्तराची मुदत तिथे १० दिवस, आपल्याकडे ३०. त्याला कागद मिळालाही. त्यावर लिहिलं होतं, सिटी मॅनेजर, महिन्याला १५,४७८ डॉलर. नगरसेवक, महिन्याला ६७३ डॉलर. खोटं. दोन्ही आकडे खोटे. मॅनेजरचा खरा पगार त्याच्या कितीतरी पट होता. पण सिटी हॉलमधून दिलेला टाइप केलेला कागद, सामान्य माणूस त्यावर संशय कसा घेणार? तो कागद घेऊन घरी गेला. मी या कागदावर बराच विचार केलाय, कारण इथपर्यंत सगळं कायद्याच्या पळवाटा वापरून चाललं होतं असं कोणी म्हणू शकला असता, पण खोटा कागद बनवावा लागला याचा अर्थच हा की खरा आकडा लोकांपुढे टिकणार नाही हे आत बसलेल्यांना पक्कं माहीत होतं.

२०१० मध्ये जे फुटलं ते शेजारच्या मायवुडमुळे. मायवुडचं पोलीस खातं इतकं बदनाम होतं की दावे लागून लागून शहराला कोणी विमा देईना, शेवटी त्यांनी १ जुलै २०१० पासून सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, पोलिसी काउंटीच्या शेरीफकडे दिली, आणि शहराचा बाकी कारभार चालवायला दिला, कोणाला, तर बेलला. लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन बातमीदार, जेफ गॉटलीब आणि रुबेन वीवेस, मायवुडचा विषय बघत होते आणि तिथे त्यांना कळलं की डिस्ट्रिक्ट अॅटर्नीचं म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाचं ऑफिस बेलच्या नगरसेवकांच्या मानधनाची चौकशी करतंय. म्हणून त्यांनी बेलकडे करारांच्या प्रती मागितल्या. टाळाटाळ झाली, मग दहा दिवसांचा कायदा आणि कोर्टाची भाषा झाली, आणि शेवटी लिटल बेअर पार्कमधल्या एका मीटिंग रूममध्ये भेट ठरली. दोन बातमीदार आले तर समोर रिझो, स्पाचिया, वकील, नगरसेवक, सगळं टेबल भरलेलं. पगार किती विचारलं तर रिझोने सांगितलं, सात लाखांच्या घरात. हा आकडा लोकांच्या घशाखाली उतरत नसेल तर कदाचित मीच चुकीच्या धंद्यात आहे, खाजगी क्षेत्रात गेलो असतो तर एवढे मिळालेच असते, अशा अर्थाचं तो नंतर बोलला.

बातमी आली १५ जुलैला. त्यानंतरच्या मीटिंगांचे व्हिडिओ आजही बघायला मिळतात, बघाच. ज्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या असायच्या तिथे शेकडो लोक, आत जागा नाही म्हणून बाहेर रस्त्यावर, कडेवर पोरं, हातात पुठ्ठ्याच्या पाट्या, आणि एकच घोषणा, 'फुएरा', म्हणजे चालते व्हा. यातले कितीतरी जण मतदारच नव्हते, पण बोलायला मतदार असावं लागत नाही, तीन मिनिटं कोणालाही मिळतात, आणि लोक दुभाष्या घेऊन उभे राहिले. आठवड्याभरात रिझो, स्पाचिया आणि अॅडम्स तिघांनी राजीनामे दिले, मग कौन्सिलने स्वतःचं मानधन ९० टक्क्यांनी कापलं. लोकांनी 'बास्ता' नावाची संघटना काढली, स्पॅनिशमध्ये बास्ता म्हणजे बस्स झालं, आपल्या कानाला तर अर्थ सांगायचीही गरज नाही. त्यात लेबनीज वस्तीतला अली सालेह होता, २००९ मध्ये तो कौन्सिलला उभा होता तेव्हा त्याच्या मुस्लिम असण्यावरून घाणेरडी पत्रकं वाटली गेली होती आणि तो पडला होता. क्रिस्टिना गार्सिया नावाची गणिताची शिक्षिका होती, ती पुढे आमदार झाली.

२१ सप्टेंबरला आठ जणांना अटक झाली. डिस्ट्रिक्ट अॅटर्नी स्टीव्ह कूली यांनी याला स्टेरॉइड घेतलेला भ्रष्टाचार म्हटलं. मार्च २०११ मध्ये रिकॉलचं, म्हणजे निवडून दिलेल्यांना मुदतीआधी घरी पाठवायचं, मतदान झालं, जुनी कौन्सिल प्रचंड बहुमताने घरी गेली, आणि सालेह निवडून आला. यावेळी रांगा होत्या. त्याच वर्षी टाइम्सला या कामासाठी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. रिकाम्या झालेल्या सिटी हॉलमध्ये इतर शहरांतले निवृत्त सिटी मॅनेजर मदतीला आले. राज्याने सगळ्या शहरांचे पगार इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, जादा घेतलेला पेन्शन टॅक्स लोकांना परत मिळावा म्हणून वेगळा कायदा झाला.

कोर्टातलं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. नगरसेवकांचा बचाव असा होता की ठराव झालेले होते, वकील बसलेला असायचा, आम्हाला कोणी चूक आहे असं सांगितलं नाही, त्यातल्या एका मेयरच्या वकिलाने तर हा शाळाही पुरती न शिकलेला माणूस आहे असं सांगितलं. ज्युरीसमोर मार्च २०१३ मध्ये सरसकट दोषी असा निकाल आलाच नाही. काही आरोपांवर दोषी, काहींवर निर्दोष, काहींवर एकमत नाही. सहापैकी लुईस आर्टिगा हा पास्टर पूर्ण सुटला. बाकी पाच जण दोषी ठरले ते मुख्यतः त्या कचऱ्याच्या समितीवरून, कारण ती समिती कायदेशीररीत्या कधी स्थापनच झाली नव्हती आणि तिने काही कामही केलं नव्हतं. बाकीच्या समित्या निदान कागदावर होत्या. म्हणजे मीटिंगचं नाटक नीट वठवलं असतं तर कदाचित हेही सुटले असते, हा विचार मला अजून त्रास देतो.

स्पाचियाच्या खटल्यात ईमेल वाचून दाखवले गेले. अॅडम्स नोकरीवर येण्याआधी लिहितो, बेलचे सगळे पैसे, बरं, निदान थोडा वाटा घ्यायला येतोय. ती उत्तर देते, ये, आपण सगळे मिळून जाडे होऊ, आणि बॉबची, म्हणजे रिझोची, एक म्हण आहे, डुक्कर जाडं होतं पण फार हावरं डुक्कर कापलं जातं, आपण तेवढं हावरं झालो नाही म्हणजे झालं. डिसेंबर २०१३ मध्ये ती दोषी ठरली, शिक्षा ११ वर्षं ८ महिने. अॅडम्सवर गुन्हा दाखलच झाला नाही. रिझोने ६९ आरोपांवर आपली बाजू लढवलीच नाही आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याला १२ वर्षांचा तुरुंगवास आणि ८८ लाख डॉलर भरपाईची शिक्षा झाली, टॅक्सच्या फसवणुकीच्या वेगळ्या खटल्यात ३३ महिने. नगरसेवकांपैकी तेरेसा हाकोबोला दोन वर्षं, इतरांना त्याहून कमी, एकाला तर घरीच नजरकैद. वॉशिंग्टन राज्यात रिझोचा घोड्यांचा रँच होता, रेसचे घोडे, त्यातल्या एका घोड्याचं नाव फ्रेंचमध्ये 'पैसे खर्च करणं' अशा अर्थाचं होतं.

रिझोवरच्या ६९ आरोपांमध्ये सरकारी कागद खोटा बनवल्याचाही आरोप होता. तोच कागद, २००८ चा, १५,४७८ आणि ६७३ आकडे असलेला. त्या माणसाने तो टाकून दिला नव्हता. कोर्टात तो पुरावा म्हणून दाखल झाला, आणि साक्षीला तो स्वतः उभा राहिला.